ठाणे–नवी मुंबईत मोफत आणि सवलतीचे उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिघा ते बेलापूर, कळवा–मुंब्रा, वागळे इस्टेट, घोडबंदरचे पाडे, सगळीकडून साधारण हेच प्रश्न पुन:पुन्हा येतात. योजना पुष्कळ आहेत. बहुतेकांचे पैसे बुडतात ते योजना नसते म्हणून नव्हे, तर बिल हातात पडल्यावर चौकशी सुरू होते म्हणून. म्हणून इथे जास्त भर दाखल होण्याआधीच्या गोष्टींवर आहे.

१. सरकारी, महापालिकेचं, धर्मादाय, खाजगी… आम्हाला काय फरक पडतो? दवाखाना तो दवाखाना.

पैशाला फरक पडतो, आणि तक्रार कुणाकडे करायची यालाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट सगळं मोफत आहे. ठाण्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपलं 'सिव्हिल', यात येतं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं, तर वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची सार्वजनिक रुग्णालयं नवी मुंबई महापालिकेची. सगळं मोफत करणारा तो शासन निर्णय महापालिकांना लागू नाही. तिथे पालिकेचे स्वतःचे, बरेच कमी, दर असतात. धर्मादाय म्हणजे ट्रस्टचं रुग्णालय. इमारत कितीही चकचकीत असली तरी त्याच्यावर गरिबांसाठी खाटा राखण्याचं कायदेशीर बंधन असतं (प्रश्न ७). उरलेलं खाजगी. तेही एखाद्या योजनेच्या यादीत असू शकतं.

२. फुले योजना आणि आयुष्मान कार्ड एकच का?

चालतात एकत्र, मूळ वेगळं. राज्याची योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ ची. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही जोडून राबवल्या जातात. आता दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. ही रक्कम माणशी नाही, सगळ्या कुटुंबाची मिळून आहे. वडिलांच्या हृदयाला ३ लाख गेले तर त्या वर्षी बाकीच्यांसाठी २ लाख उरतात.

पूर्वी पिवळं आणि केशरी कार्ड लागायचं. आता पांढरं कार्डही चालतं. 'आमचं पांढरं आहे, आम्हाला काही मिळत नाही' ही समजूत अजून घट्ट आहे. ती सोडा.

३. रेशन कार्ड आहे, आधार आहे. तरी आरोग्यमित्राने परत पाठवलं. का?

आरोग्यमित्र म्हणजे रुग्णालयात योजनेची नोंदणी करणारा माणूस. दहापैकी नऊ वेळा कारण नावात असतं. कार्ड घरी असतानाच या गोष्टी तपासून ठेवा:

कार्डाला १२ अंकी ऑनलाइन क्रमांक आहे का? जुन्या, नुसत्या हाताने लिहिलेल्या कार्डांना, विशेषतः पांढऱ्यांना, तो नसतो. मग संगणकात कुटुंब सापडतच नाही.

रुग्णाचं नाव त्या कार्डावर आहे का? लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर आणि आधार सासरच्या नावाने, हा सगळ्यात जास्त अडणारा मामला. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरच्या कार्डात नाव चढत नाही.

स्पेलिंग जुळतं का? 'सावित्री'च्या जागी 'सावीत्रा', जन्मवर्षात दहा वर्षांचा फरक, आडनावच गायब, असं काही असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग त्याच्याशी जुळवून कार्ड. उलट केलंत तर दोनदा हेलपाटा.

दुरुस्ती कुठे? ठाणे आणि नवी मुंबई शहरांत रेशन कार्डाचं काम तहसीलमध्ये होत नाही, शिधावाटप कार्यालयात होतं. तहसीलच्या रांगेत अर्धा दिवस उभं राहून ही माहिती मिळालेली माणसं कमी नाहीत.

नवजात बाळाचं नाव कार्डावर नसणारच. त्यासाठी जन्माचा दाखला, आईवडिलांपैकी एकाबरोबरचा फोटो आणि पालकांचं कार्ड चालतं.

४. दाखल करताना नेमकं काय करायचं?

निघण्याआधी १५५३८८ (फुले योजना) किंवा १४५५५ (आयुष्मान) या क्रमांकावर विचारा: रुग्णालय यादीत आहे का, आणि *या आजारासाठी* आहे का. दुसरा प्रश्न लोक विसरतात. एखादं रुग्णालय हाडांसाठी यादीत असतं, कॅन्सरसाठी नसतं. शिवाय काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. ते खाजगीत योजनेतून होत नाहीत.

तिथे पोचल्यावर बिलिंगच्या खिडकीकडे न जाता आरोग्यमित्राचं टेबल गाठा. मूळ रेशन कार्ड, आधार आणि आधीचे रिपोर्ट दाखवा. नोंदणी झाली की डॉक्टर तपासतात आणि रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं. मंजुरी आली की उपचार, औषधं, तपासण्या, जेवण आणि डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावा हे सगळं पॅकेजमध्ये येतं. तातडीची केस असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून.

'स्टेंट जरा चांगला टाकू, वरचे चाळीस हजार द्या' असं कुणी म्हणालं तर ते कागदावर लिहून मागा. लिहून मागितलं की ही गोष्ट बहुधा तिथेच संपते.

५. आधी पैसे भरले, नंतर योजना कळली. परत मिळतील का?

योजना कॅशलेस आहे. कुटुंबाच्या खात्यात परतावा येत नाही. रुग्ण अजून दाखल असेल तर लगेच आरोग्यमित्राला गाठा. त्याच दाखल-काळातल्या तपासण्यांचे पैसे घेतले असतील आणि नंतर मंजुरी आली असेल, तर ते रुग्णालयाने परत द्यायचे असतात. पक्की पावती हवी. चिठ्ठीवर आकडा लिहून दिलेला असेल तर त्याला काही किंमत नाही. डिस्चार्ज होऊन घरी आलात तर दार जवळपास बंद.

६. मधुमेहाच्या गोळ्या, रक्त तपासणी, एक्स-रे… हे कुठल्या योजनेत?

फुले आणि आयुष्मान, दोन्ही योजनांत नाही. त्या रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहेत. आमच्या मते सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत मोठी फट आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. आला खरा, पण उरलेल्यातला मोठा भाग बाहेरची औषधं आणि ओपीडी यांवरच जातो. ऑपरेशनला ५ लाखांचं छत्र आणि महिन्याच्या गोळ्यांना मात्र शून्य. मग माणूस गोळ्या अर्ध्या करतो आणि दोन वर्षांनी डायलिसिसला येतो. डायलिसिस योजनेत बसतं! थायलंडने २००२ मध्ये सगळ्यांसाठी योजना आणली तेव्हा घराजवळच्या दवाखान्यातली ओपीडी पहिल्या दिवसापासून आत घेतली होती. आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ म्हटलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

तोवर काय करायचं: रक्तदाब आणि मधुमेहाची नोंदणी वॉर्डातल्या नागरी आरोग्य केंद्रात करा. तिथून गोळ्या मोफत मिळतात. एकदा नाव चढलं की एकाच केंद्रात जात राहा, दर वेळी नवा केसपेपर काढू नका. केंद्रात गोळी संपलेली असेल तर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात जा. ब्रँडचं नाव घेऊन गेलात तर तिथे ते मिळणार नाही.

७. धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी खाटा असतात म्हणे. कुणाला मिळतात?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली, २००६ पासून लागू असलेली योजना हा याचा आधार. अशा रुग्णालयाने १० टक्के खाटा 'निर्धन' रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के 'दुर्बल घटकां'साठी सवलतीत ठेवायच्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल.

निर्धन रुग्णाला खाट, निवासी डॉक्टर, नर्सिंग, चादरी, वीज-पाणी यांचे पैसे लागत नाहीत. औषधं, साहित्य, इम्प्लांट यांचा खर्च रुग्णालयाच्या 'निर्धन रुग्ण निधी'तून, म्हणजेच आयपीएफमधून होतो. या खात्यात रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम टाकायची असते. दुर्बल घटकाला सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने सवलतीचं बिल लागतं, आणि औषधं, साहित्य, इम्प्लांटच्या खर्चातला निदान निम्मा वाटा त्याला भरावा लागतो. तेव्हा 'मोफत' असं गृहीत धरून गेलेल्या दुर्बल घटकातल्या कुटुंबाला बिल पाहून धक्का बसतो. आधीच अंदाज मागून घ्या.

भेटायचं कुणाला? वैद्यकीय समाजसेवकाला. कागद: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (प्रश्न ९), किंवा रेशन कार्ड अथवा दारिद्र्यरेषेखालचं कार्ड, आणि आधार. अर्ज दाखल होतानाच द्या, बिल तयार झाल्यावर नको.

८. 'खाट रिकामी नाही', 'आयपीएफ संपला' असं सांगतात. मग?

दोन्ही गोष्टी कधी खऱ्या असतात, कधी नसतात. राखीव खाटांची स्थिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर दिसते. मोबाइलवर ती उघडून, त्या दिवसाच्या तारखेसह स्क्रीनशॉट घ्या आणि समाजसेवकाला दाखवा. तरी नकारच असेल तर दोन ओळींचा अर्ज लिहा: रुग्णाचं नाव, दाखल तारीख, उत्पन्न गट, 'आजच्या तारखेला राखीव खाटा किती भरल्या आहेत आणि निधीची शिल्लक किती आहे, ते कळवावे'. एका प्रतीवर पोच घ्या. त्याच पोचेसह धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते. भांडण काउंटरवरच्या मुलीशी करू नका. निर्णय तिच्या हातात नसतो.

९. उत्पन्नाचा दाखला कुठून काढायचा? वाशीला राहतो, पनवेल जवळ पडतं.

जवळ काय पडतं याला महत्त्व नाही. दिघा, ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर म्हणजे नवी मुंबई महापालिकेचा हा पट्टा ठाणे तालुक्यात आहे, म्हणून दाखला ठाणे तहसीलदारांचा. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. बोलताना आपण सगळ्यालाच नवी मुंबई म्हणतो, पण आपले सरकार पोर्टलवर चुकीचा जिल्हा निवडला की अर्ज फेटाळला जातो आणि नव्याने फी भरावी लागते.

आधार, रेशन कार्ड, वीजबिल किंवा भाडेकरार, फोटो आणि उत्पन्नाचा पुरावा जोडा. पगारदाराला फॉर्म १६ किंवा पगारपत्रक, तर नाका कामगार, घरकामगार, फेरीवाले यांना स्वयंघोषणा आणि तलाठ्यांचा अहवाल. मुदत १५ दिवसांची आहे. हा दाखला चालू आर्थिक वर्षाचा हवा, ३१ मार्चनंतर जुना चालत नाही. घरात कुणाला जुना आजार असेल तर एप्रिलमध्येच काढून ठेवा.

१०. रेशन कार्ड गावचं आहे. साताऱ्याचं, किंवा बिहारचं. इथे चालेल?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्याचं कार्ड फुले योजनेला चालतं, ते ठाण्यात बदलून घ्यायची गरज नाही. परराज्यातलं रेशन कार्ड फुले योजनेला चालत नाही. पण त्या कुटुंबाचं गावी आयुष्मान कार्ड निघालेलं असेल तर ते इथल्या आयुष्मानच्या यादीतल्या रुग्णालयात चालतं. तुर्भे स्टोअर किंवा दगडखाणींच्या वस्त्यांवर कित्येकांचं नाव गावच्या यादीत असतं आणि त्यांनाच माहीत नसतं. आयुष्मान ॲपवर *गावचं* राज्य आणि जिल्हा निवडून शोधा. इथला पत्ता टाकला तर नाव सापडत नाही.

११. एमआयडीसीत कंत्राटी काम करतो. पगारातून ईएसआय कापतात, कार्ड दिलं नाही.

ईएसआय म्हणजे कामगार विमा. कापतात म्हणजे तुमचा विमा क्रमांक निघायलाच हवा. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांकडून ०.७५ टक्के जातात, मालकाने ३.२५ टक्के भरायचे. १४ हजार पगारावर तुमचे १०५ आणि मालकाचे ४५५. पगारपत्रकावर क्रमांक नसेल तर ठेकेदाराकडे ई-पहचान कार्डाची प्रिंट मागा. ठेकेदार बदलला तरी क्रमांक तोच ठेवा. दर वेळी नवा क्रमांक काढला की जुनी नोंद तुटते.

तुटून काय होतं? उपचार नोंदणीपासूनच मिळतात, पण आजारपणाची रजाभरपाई (पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत) मिळायला आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनला उपयोगी पडते. क्रमांक दोन झाले की दिवस विभागले जातात आणि ७८ कुठेच भरत नाहीत. वागळे इस्टेट आणि वाशी इथे कामगार विमा रुग्णालयं आहेत. मोठ्या उपचारासाठी तिथलं रेफर पत्र घेऊनच बाहेर जा, नाहीतर बिल तुमच्या गळ्यात.

१२. टीबी निघाला. खाजगी डॉक्टरांकडे चालू आहे. सरकारी मदत मिळेल?

मिळते. खाजगी डॉक्टरांनीही रुग्णाची नोंद 'निक्षय'मध्ये, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, करणं बंधनकारक आहे. तुमचा निक्षय क्रमांक मागा. त्यावर औषधं मोफत आणि पोषणासाठी महिना १,००० रुपये मिळतात (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते). सहा महिन्यांच्या उपचाराला ३,००० सुरुवातीला आणि ३,००० साधारण ८४ दिवसांनी. पैसे अडतात ते बँक खातं आधारशी जोडलेलं नसल्यामुळे. खात्याला आधार दिलेला असणं वेगळं आणि थेट अनुदान त्याच खात्यात येण्यासाठी ते जोडलेलं असणं वेगळं. बँकेत नेमकं हेच विचारा. बरं वाटलं म्हणून दोन महिन्यांत गोळ्या सोडू नका. औषधाला दाद न देणारा टीबी तिथूनच सुरू होतो. विमाधारक कामगारांनी प्रश्न ११ पाहावा. टीबीला, अटी पूर्ण असतील तर, वाढीव आजारलाभ मिळतो.

१३. बाळंतपणाला किती खर्च येतो?

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात शून्य यायला हवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) प्रसूती, सिझेरियन, रक्त, औषधं आणि जेवण मोफत: साध्या प्रसूतीला ३ दिवस, सिझेरियनला ७ दिवस. येण्याजाण्याला १०२ क्रमांकाची रुग्णवाहिका. बाहेरून औषध आणायला सांगितलं तर पावती ठेवा आणि वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्या. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेकडे.

१४. रात्री अपघात झाला. रुग्णालय म्हणतं, आधी डिपॉझिट.

जीव वाचवण्याचे प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. धर्मादाय रुग्णालयाला तर तातडीच्या निर्धन रुग्णाकडून अनामत मागताच येत नाही. रस्ते अपघातासाठी मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: अपघातापासून ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी पोलिसांकडे नोंद हवी, म्हणून ११२ ला कळवा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

१५. मुख्यमंत्री सहायता निधी?

सगळ्यात शेवटी. आधीच्या योजनांत उपचार बसत नाही हे दाखवावं लागतं. उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत, दाखला तहसीलदारांचा. डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, आणि रुग्णालय खाजगी असेल तर ते जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात. उपचार उरकल्यावर अर्ज केला तर उपयोग नाही. अर्ज मोफत आहे. 'काम करून देतो, दहा टक्के' म्हणणारा एजंट भेटला तर त्याला पाया पडून निरोप द्या.

१६. बिल बाकी आहे म्हणून मृतदेह देत नाहीत.

देणं भाग आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांतल्या २०२१ च्या सुधारणांनी रुग्ण हक्कांची सनद लावणं बंधनकारक केलं आहे, आणि थकीत बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. बाकी रक्कम वसूल करायचे त्यांचे दिवाणी मार्ग वेगळे आहेत. महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि पोलिसांना एकाच वेळी फोन करा. कोरा धनादेश किंवा दागिने ठेवून येऊ नका.

१७. आजीचं वय ७४, मुलगा चांगला कमावतो. तिला काही?

वय ७० पूर्ण असेल तर उत्पन्न पाहत नाहीत. आधारवर आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. आधारवर जन्मवर्ष चुकलेलं असेल तर प्रश्न ३ पाहा.

१८. आमचं उत्पन्न ४ लाख. ना निर्धन, ना दुर्बल. आम्ही कुठे बसतो?

रिक्षावाले, छोटे दुकानदार, कंपनीत पर्मनंट पण तळाला असलेले, असे ठाण्यात या वर्गातले लोकच जास्त असतील, आणि एका कॅन्सरमध्ये दोन वर्षांत खालच्या गटात घसरतात ते हेच. धर्मादाय सवलत ३ लाख ६० हजारांवर थांबते, सहायता निधी १ लाख ६० हजारांवर. फुले योजनेला मात्र आता उत्पन्नाची अट उरलेली नाही, म्हणून तुमचा मुख्य आधार तीच. उपचार त्या यादीत असेल तर यादीतलंच रुग्णालय निवडा, ओळखीचं नको. ५ लाख संपत आले तर उरलेली केमो किंवा रेडिएशन टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात किंवा परळला जनरल वर्गात घेता येतं का, हे पहिल्याच भेटीत विचारा. अर्धवट उपचार झाल्यावर रुग्णालय बदललं तर जुने स्लाइड-ब्लॉक (तपासणीसाठी काढलेल्या गाठीच्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) मिळवण्यातच आठवडे जातात. बायोप्सीचे ब्लॉक पहिल्या दिवसापासून मागून, लेबल लावून घरी ठेवा.